करंगळीची नोंद

"डोळे मिटा. काही टेकलं असं वाटलं की 'हो' म्हणा. नाही वाटलं तर गप्प बसा. अंदाज करायचा नाही."

हरेश भोईरांनी डोळे मिटले. उजवा हात तळवा वर करून टेबलावरच्या टॉवेलवर ठेवला होता. दुपारचे तीन वाजले होते. सकाळची ओपीडी संपून केंद्र रिकामं झालं होतं. पंखा सावकाश फिरत होता. नौपाड्यातल्या त्या गल्लीत दुपारी एखादी रिक्षा गेली तर गेली, नाहीतर शुकशुकाट. अशा वेळी मला हे काम करायला आवडायचं. समोर डोळे मिटलेला माणूस, मधे त्याचा हात, आणि माझ्या बोटांत एक नायलॉनचा दोरा.

मी फिजिओथेरपिस्ट. आता निवृत्त आहे. तेव्हा ठाण्यातल्या एका कुष्ठरोग उपचार केंद्रात नोकरी करत होते. गोळ्या डॉक्टर देत, नसा मी तपासायची. हा दोरा एका प्लास्टिकच्या दांडीला काटकोनात बसवलेला असतो. त्वचेवर टेकवायचा आणि किंचित वाकेपर्यंत दाबायचा. प्रत्येक दोरा ठरावीक भाराला वाकतो. जास्त दाबलं तरी तो फक्त जास्त वाकतो, भार वाढत नाही. निळा दोरा वाकतो तेव्हा त्वचेवर पाव ग्रॅमपेक्षाही कमी भार असतो. निरोगी तळहाताला तो समजतो. जांभळ्याचा भार त्याच्या दहापट. त्याच्यापुढे लाल, मग आणखी जाड. जितका जाड दोरा लागतो तितकी नस दुबळी.

निळा दोरा अंगठ्याला टेकवला.

"हो."

तर्जनीला.

"हो."

करंगळीच्या टोकाला टेकवला. दोरा वाकला. भोईर गप्प. कपाळावर एक बारीक आठी आली होती, कुणीतरी लांबून हाक मारतंय का हे ऐकत असल्यासारखी. मी थांबले, पुन्हा टेकवला. गप्प. मग जांभळा घेतला.

"हो," ते लगेच म्हणाले.

मागच्या महिन्यात याच करंगळीला निळा समजला होता. मी कार्ड उलटून बघितलं. भोईर वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडर चालवत. म्हणजे लोखंडाची पट्टी फिरत्या दगडाखाली घासून आरशासारखी सपाट करायची. असं काम करणाऱ्यांचे हात मी खूप बघितले होते. कातडी जाड होते, घट्टे पडतात. मी कार्डावर जांभळ्याची खूण केली आणि पुढे लिहिलं, 'घट्टा'.

"आणि हा कोपराजवळचा चट्टा जरा लाल दिसतोय," मी म्हणाले.

"ऊन लागलं असेल मॅडम. एप्रिल हाय."

तेही मला पटलं. डॉक्टर कर्णिक त्या दिवशी शिबिराला गेले होते. भोईरांना दुसऱ्या पाळीला पोचायचं होतं. मी पुढच्या महिन्याचं गोळ्यांचं पाकीट दिलं आणि ते गेले. मी खिडकी उघडली, चहा मागवला. चांगली दुपार होती. मला ती अजून आठवते, ती चांगली वाटली म्हणून.

भोईर आमच्याकडे पहिल्यांदा आले ते बायकोच्या आग्रहाने. नलिनी त्यांची बायको. शर्टाची बाही वर करताना तिने पाहिलं की कोपराजवळ भाजल्याचा फोड आहे आणि या माणसाला त्याचा पत्ताच नाही. तिथे फिकट चट्टा दोन वर्षांपासून होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. डॉक्टरांनी अंगभर तपासलं तर असे सात चट्टे निघाले.

रोगाचं नाव ऐकून नवरा-बायको दोघं भिंतीकडे बघत बसले. मग मी त्यांना माझ्या खोलीत नेलं. प्रत्येक नव्या माणसाला सांगते तेच सांगितलं. हा जंतू फार सावकाश आहे. पोट बिघडवणारा एखादा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. याला त्याच कामाला बारा-तेरा दिवस लागतात. अंगात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत कित्येक वर्षं जातात. याला गारवा आवडतो, म्हणून तो कानाच्या पाळीत, त्वचेत आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसांमध्ये राहतो. नसेवर वेष्टन असतं, त्या वेष्टनाच्या पेशींत हा घर करतो. तिथे आपल्या रक्तातल्या संरक्षक पेशींची फारशी ये-जा नसते.

"मग सगळ्यांनाच का होत नाय?" भोईरांनी विचारलं होतं.

"बहुतेकांचं शरीर याला ओळखतं आणि हुसकावून लावतं. त्यांना कधी कळतही नाही. थोड्या लोकांचं शरीर याला अजिबात ओळखत नाही. आणि काहींचं अर्धवट ओळखतं. तुम्ही त्या मधल्या गटातले."

"अर्धवट," भोईर म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "आमची नलू पण मना तेच म्हणते."

नलिनी आणि त्यांची मुलगी दोघींची तपासणी झाली. दोघी ठीक होत्या. औषध सुरू झालं की या माणसापासून कुणाला लागण होत नाही, हेही मी सांगितलं. आणि शेवटी एक वाक्य बोलले. "गोळ्या सुरू झाल्या की जंतू मरायला लागतात. आता काळजी संपली." पहिला भाग खरा होता. दुसरा मी माझ्या मनाने जोडला, त्या दोघांचे चेहरे बघवेनात म्हणून.

त्या दुपारनंतर सोळा दिवसांनी नलिनी एकटीच आली. हातात गोळ्यांचं पाकीट होतं. त्यातल्या फक्त नऊ गोळ्या काढलेल्या होत्या.

"मॅडम, हे गोळ्या घेत नाहीत. फेकून दे म्हणाले. मी फेकल्या नाहीत."

"का? काय झालं?"

"सगळे चट्टे सुजलेत. लालभडक झालेत. हात पण सुजलाय. आणि करंगळी..." तिने स्वतःची करंगळी बाजूला न्यायचा प्रयत्न करून दाखवला आणि मग मुद्दाम ती तशीच पडू दिली. "अशी होते. बाजूला जातच नाही. ताट धरताना सुटलं हातातून. गावात एकाने सांगितलं, औषध गरम पडलं. आता हे म्हणतात, दोन वर्षं चट्टा होता तेव्हा माझा हात चालत होता. औषध घेतलं आणि हात गेला."

मी तिला बसायला सांगितलं आणि कार्ड घेऊन डॉक्टर कर्णिकांकडे गेले. कर्णिक वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण केंद्राचे प्रमुख. आवाज कधी चढवत नसत. त्यांनी कार्ड वाचलं.

"मेधाताई, करंगळीला निळा नाही. मागच्या महिन्यात होता?"

"होता."

"चट्टा?"

"लालसर होता. ऊन लागलं असेल असं ते म्हणाले."

"ते म्हणाले. तुम्हाला काय वाटलं?"

मी त्यांच्या हातातल्या कार्डावरचा माझाच 'घट्टा' वाचला.

"मला कळवलं का नाहीत?"

"तुम्ही शिबिराला होतात."

"फोन माझ्या खिशात होता, ताई."

पंखा फिरत होता. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "ही रिॲक्शन आहे. तुम्हाला माहीतच आहे. न कळवण्याबद्दल नंतर बोलू. गाडी घ्या आणि त्यांना आणा. नस जाऊन किती दिवस झाले त्यावर सगळं आहे. लवकर औषध पडलं तर परत येते. आज-उद्या करू नका."

मला माहीत होतं. पंचवीस वर्षं मी हेच बघत आले होते. तरी त्या दुपारी, शांत खोलीत, समोर एक समजूतदार माणूस बसलेला असताना, मला त्याच्या हातात ते दिसलं नव्हतं.

केंद्राची व्हॅन शीळफाट्यावरून डोंबिवलीकडे निघाली. नलिनी माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर गोळ्यांचं पाकीट. रस्ताभरात ती एकदाच म्हणाली, "तुम्ही सांगितलेलं ना, काळजी संपली म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त खात्री करून घेत होती.

भोईरांचं गाव आता शहरात मिसळून गेलं आहे. त्यांच्या जमिनीवर चार मजल्यांची त्यांचीच इमारत होती. खाली भाडेकरू. भोईरांनी काम केलं नसतं तरी चाललं असतं. ते गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून, दुसऱ्याचा हात सांभाळायला दिल्यासारखा. गच्चीतून खाडी दिसत होती. भरती होती. चिपीच्या खारफुटीत पाणी शिरलं होतं आणि वारा खारट होता. सगळीकडे पांढुरका उजेड होता, दूरचं काही नीट दिसत नव्हतं.

"कशाला आल्या मॅडम?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मना नको तुमचा औषद."

"औषध घ्या म्हणायला नाही आले. काय झालंय ते सांगायला आले. ऐकून घ्या, मग ठरवा."

ते उठून गेले नाहीत. मी ते चालेल असं समजले.

"तुमच्या नसेत जंतू होते. वर्षानुवर्षं. तुमच्या शरीराला ते नीट दिसत नव्हते, म्हणून काही गडबड नव्हती. चट्टा दुखत नव्हता, तो याच कारणाने. मग गोळ्यांनी जंतू मरायला लागले. मेलेल्या जंतूंचे तुकडे नसेतच पडून आहेत, ते साफ व्हायला खूप दिवस लागतात. आणि आता तुमच्या शरीराने ते ओळखले. एकदम. म्हणून ते तिथे धावून गेलंय. ही सूज जंतूंची नाही. तुमच्याच संरक्षणाची आहे."

"आता धावून गेलाय? जंतू मेल्यावर?"

"हो."

"इतकी वर्षं झोपला होता, आणि आताच उठायचं सुचलं?"

"असं होतं. सगळ्यांना नाही, पण मधल्या गटात होतं. कोपर आपटलं की झिणझिणी जाते ना, ती नस कोपराच्या हाडामागच्या अरुंद खाचेतून जाते. ती सुजली की तिला फुगायला जागा नसते. ती तिथेच चेंगरते. तीच करंगळीला जाते."

मी त्यांच्या कोपरामागे बोट ठेवलं. नस सुतळीसारखी जाड हाताला लागली. मी अगदी हलकं दाबलं तरी त्यांनी श्वास आत ओढला. चट्ट्यावरची कातडी तापली होती.

"गोळ्या बंद करून हे थांबणार नाही," मी म्हणाले. "मेलेले जंतू आतच आहेत. आणि जे जिवंत आहेत ते परत वाढतील. गोळ्या चालू ठेवायच्या आणि सूज उतरवायला दुसरं औषध घ्यायचं. लवकर घेतलं तर हात परत येण्याची शक्यता चांगली आहे. शक्यता म्हणतेय. मागच्या वेळेसारखं 'काळजी संपली' नाही म्हणणार."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आणखी एक सांगायचंय," मी म्हणाले. हे डॉक्टरांनी सांगायला सांगितलं नव्हतं. "सोळा दिवसांपूर्वी तुमच्या करंगळीला निळा दोरा समजला नाही. सुरुवात तेव्हाच झालेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुम्ही ग्राइंडरवर काम करता, म्हणून मी घट्टा असेल असं धरलं. डॉक्टरांना सांगितलं नाही. ही चूक माझी आहे."

नलिनी जिन्याच्या दारात उभी होती. ती जागची हलली नाही. भोईर खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"घट्टा? इथे? बघा ना."

मी त्यांची करंगळी हातात घेतली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, सगळी खरखरीत होती. करंगळीचं टोक मऊ होतं. एखाद्या कारकुनाच्या बोटासारखं. सुजेतही ते कळत होतं.

"करंगळी मी कामाला लावत नाय," ते म्हणाले. "जपतो. पट्टी घासून झाली की करंगळी फिरवून बघायची. बारीक चरा असला तर डोल्याला दिसत नाय, करंगळीला कलतो. मशीनवर बाकी बोटं मरतात, ही जिवंत ठेवायची. माझ्या बापाची सवय. इथे समोर आमची मिठागरं होती. बापूस करंगळी पाण्यात बुडवायचा, अंगठ्यावर घासायचा आणि सांगायचा, दोन दिवसांनी मीठ धरेल. त्याचा कधी चुकला नाय."

मी त्यांच्या हाताला महिन्यातून एकदा दोरे टेकवत होते. तो हात हातात घेऊन मी कधी बघितलाच नव्हता.

"नलू," भोईर म्हणाले, "शर्ट काढून दे माझा, यांच्याबरोबर जातो. मना एका हातानं बटणं लागत नायत."

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तपासून औषध सुरू केलं. हे स्टेरॉइड असतं. त्याआधी साखर, रक्तदाब बघावा लागतो, टीबी नाही ना याची खात्री करावी लागते. हे औषध शरीराच्या संरक्षणाला थोडं शांत करतं. ऐकायला विचित्र वाटतं. जंतूंचा रोग, आणि आपण संरक्षण ढिलं करतो. भोईरांनाही ते विचित्र वाटलं.

"म्हणजे गोळ्या जंतूंना मारणार आणि ही दुसरी गोळी माझ्याच माणसांना गप्प बसवणार?"

"काही महिन्यांसाठी. हळूहळू कमी करत न्यायची. मनाने बंद करायची नाही," कर्णिक म्हणाले.

मी कोपर हलू नये म्हणून आधाराची प्लास्टिकची स्प्लिंट बनवली, नसेला आराम मिळावा म्हणून. वर्कशॉपमधून रजा. दर आठवड्याला माझ्याकडे यायचं.

त्यानंतरचे आठवडे मला सलग आठवत नाहीत. एकच लांब दुपार आठवते. तोच टॉवेल, तोच हात, मिटलेले डोळे. सूज दहा दिवसांत उतरली. चट्टे फिके पडले, त्यांच्यावर पापुद्रे आले. पण करंगळी गप्प. निळ्याला गप्प, जांभळ्याला गप्प, लालला कधी हो, कधी नाही. ताकद बघायला मी म्हणायची, "करंगळी बाजूला न्या." ते सगळा जोर लावायचे. दंड थरथरायचा, जबडा आवळायचा. करंगळी पाण्यात पडलेल्या काडीसारखी नुसती हलायची.

तिसऱ्या आठवड्यात एक झालं. ते डोळे मिटून बसले होते. मी लाल दोरा हातात धरून कार्डावरची मागची खूण बघत होते.

"हो," ते म्हणाले.

मी काही टेकवलं नव्हतं.

"हो," ते पुन्हा म्हणाले. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी दोरा तसाच हातात धरून राहिले. खिडकीतून ऊन टॉवेलवर पडलं होतं. करंगळीला ते ऊन लागत असेल का, असा विचार मनात येऊन गेला.

"भोईर, डोळे उघडा," मी म्हणाले. "मी टेकवलंच नाहीये."

ते दोऱ्याकडे बघत राहिले. "पण मना समजला," ते म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "दुपारी डोला लागला ना मॅडम, की करंगळीला सगळं कलतं. लोखंडाचा गारवा कलतो. पाणी कलतं. उठलो की परत जातं."

आमच्या शिक्षणात याला 'चुकीचा होकार' म्हणतात आणि तो मोजायचा नसतो. मी मोजला नाही. पण त्यानंतर मधेमधे मी मुद्दाम काहीच न टेकवता थांबायला लागले, आणि ते अंदाज करायचे बंद झाले. काही आठवडे तर करंगळीला एकदाही 'हो' आला नाही. एकदा नलिनीने बाहेर मला विचारलं, "खरं सांगा, येणार का हात?" मी म्हणाले, "माहीत नाही." तिने मान डोलावली. त्या दिवसापासून ती माझ्यासाठी डब्यातून कधी घावन, कधी शेवळाची भाजी आणायला लागली. माहीत नाही या उत्तराला बक्षीस मिळालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सातव्या आठवड्यात तळहाताच्या कडेला, करंगळीच्या मुळाशी, जांभळा टेकवला.

"हो."

मी थांबले. दोरा वर धरून दहापर्यंत मोजलं. गप्प. पुन्हा टेकवला.

"हो."

पुन्हा नुसतीच थांबले. गप्प. पुन्हा टेकवला. "हो." मग मी तो सगळा हात तपासून संपवला आणि कार्डावर जांभळ्याची खूण केली. 

पुढच्या दोन महिन्यांत मुळाशी निळा आला. करंगळी आधी थोडी, मग पूर्ण बाजूला जायला लागली. मी बोटाने विरोध केला तरी टिकायला लागली. ताट सुटायचं थांबलं. बटणं लागायला लागली, तरी शर्ट नलिनीच काढून द्यायची, हे तिनेच मला हसत सांगितलं.

करंगळीचं टोक मात्र जांभळ्यावरच राहिलं. महिना गेला, दुसरा गेला. निळा टेकवला की कपाळावर ती बारीक आठी यायची आणि ओठ मिटलेले राहायचे. शेवटी कर्णिकांनी सांगितलं, "बहुतेक एवढंच येईल. जे आलं ते टिकवायचं." भोईरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कामावर जाऊ?"

वर्कशॉपचे मालक सावंत. कर्णिकांनी चिठ्ठीवर 'हाताच्या नसेची सूज, हलकं काम द्यावं' एवढंच लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पण भोईरांनी मालकांना रोगाचं नाव स्वतःच सांगितलं. मला त्यांनी नंतर सांगितलं, "वीस वर्षं त्यांच्यासमोर काम केलं. मागून कलला असता तर वाईट वाटला असता." सावंतांनी दोन प्रश्न विचारले. आम्हाला होईल का, आणि औषध पूर्ण घेतोस ना. मग दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "ग्राइंडरवर नको अजून. तयार माल तपासायला बस." डबा खायला शेजारी बसणाऱ्या एकाने मात्र जागा बदलली. तो परत आला नाही. भोईर त्याच्याबद्दल वाईट बोलत नसत, चांगलंही बोलत नसत.

बारा महिन्यांचं औषध पूर्ण झाल्यावर त्यांनी मला वर्कशॉपवर बोलावलं. हात कसा वापरतात ते बघायचं कारण मला होतंच. आत तेलाचा आणि गरम लोखंडाचा वास होता. कोपऱ्यात खिडकीजवळ त्यांचं टेबल. त्यावर नुकत्या घासलेल्या पट्ट्या एका ओळीत मांडलेल्या. खिडकीचा उजेड त्यांच्यावर पडून भिंतीवर हलत होता. मशीनच्या एकसुरी आवाजात थोडा वेळ उभं राहिलं की डोळे जड होतील असं वाटत होतं.

"बसा मॅडम. बघा."

त्यांनी डावा हात पुढे केला. डावी करंगळी पहिल्या पट्टीवर हलकेच ठेवली आणि इकडून तिकडे नेली. पट्टी बाजूला सरकवली. दुसरी. तिसरी. चौथ्या पट्टीवर ते थांबले, परत मागे आले.

"ही परत घे," त्यांनी मशीनवरच्या माणसाला सांगितलं.

"काय हाय तिला?" तो माणूस म्हणाला. "चकाचक तर हाय."

"इथे बघ. आडवा चरा."

त्याने पट्टी उजेडात तिरकी धरली. काही दिसलं नाही. मग त्याने मोजायचं यंत्र आणून त्या जागी लावलं, आकडा वाचला आणि पट्टी मशीनवर परत लावली.

"डावी शिकवली," भोईर म्हणाले. "आठ महिने लागले, रजेवर होतो तवापासून. आधी हिला काय कलायचा नाय. मंद होती. आता बरी हाय. उजवीइतकी नाय."

"उजवीला आता किती कळतं?"

त्यांनी उजवी करंगळी पट्टीवर टेकवली आणि तिथेच राहू दिली. "गारवा कलतो," ते म्हणाले. "चरा नाय कलत." मग त्यांनी पुढची पट्टी ओढली, कारण अजून चाळीस बाकी होत्या.

मी निवृत्त झाले तरी दोन महिन्यांनी एकदा केंद्रात नव्या मुलामुलींना शिकवायला जाते. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. औषध सुरू झाल्यावर माणसाची तब्येत बिघडलेली दिसली, तर औषधाला दोष देण्याआधी आणि जंतूला दोष देण्याआधी त्याच्या शरीराचं संरक्षण काय करतंय ते बघा. जंतू मारायचं काम गोळ्या करतात, त्यांना आपली मदत लागत नाही. त्यानंतर जे होतं, त्याच्यासाठी आपल्याला पगार मिळतो. आणि दुसरी गोष्ट, नोंद बदलली तर कारण लिहायच्या आधी फोन करा. शंका चुकीची निघाली तरी फोन वाया जात नाही.